येतो म्हणणारे गोगटे

अक्कलदाढ काढून झाल्यावर गोगटे खुर्चीतून उठले, तोंडात कापसाचा बोळा असतानाच दाराशी वळले आणि दाताच्या डॉक्टरीणबाईंना डचमध्ये म्हणाले, "इक कोम." म्हणजे, येतो. बाई दचकल्या. म्हणाल्या, "कशाला? तुमचं काम झालंय." मी त्यांना घरी न्यायला गेले होते, त्यामुळे हे संभाषण मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, ही आपल्याकडची रीत. आपण सगळेच ती पाळतो, आणि परदेशी निघालो की पासपोर्टाच्या रांगेत ती आपोआप गळून पडते. गोगट्यांची गळली नाही. त्यांनी ती जशीच्या तशी युरोपात आणली आणि जी भाषा समोर येईल तिच्यात घातली. सुपरमार्केटच्या गल्ल्यावरच्या पोरीला ते 'येतो' म्हणतात. आगगाडीतल्या तिकीट तपासनिसाला म्हणतात. एकदा ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या अंत्यविधीला गेले, शवपेटीपुढे मान लववली, सवयीने 'येतो' म्हणाले आणि मग बराच वेळ स्वतःच विचारात पडले.

डच माणसाला 'येतो' म्हटलं की तो एकच प्रश्न विचारतो: "वानेर?" कधी? आणि डायरी काढतो. शेजारच्या आन्स आजींना गोगट्यांनी पहिल्याच भेटीत दारातून 'येतो' म्हटलं, तेव्हा आजी आत जाऊन डायरी घेऊन आल्या. मंगळवार की गुरुवार? गोगटे गडबडले आणि मंगळवार म्हणाले. तेव्हापासून दर मंगळवारी ते आजींकडे कॉफी प्यायला आणि एक, फक्त एकच, बिस्किट खायला जातात. उठताना 'येतो' म्हणतात, त्यामुळे पुढचा मंगळवार ठरतो. यातून बाहेर कसं पडायचं हे त्यांना माहीत नाही, आणि आजींनाही नाही.

"शब्द म्हणजे शब्द," गोगटे म्हणतात.

मी त्यांची भाडेकरू. माझे आईवडील इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांच्या चळवळीतले. आमच्या घरी पाहुण्याला बसायला सांगण्याआधी खुर्चीवरची पत्रकं उचलावी लागत. मी अक्षरं शिकले तीच मुळी 'बंधूंनो आणि भगिनींनो'पासून. माझं नाव क्रांती ठेवलं याचं आमच्या गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. तेव्हा घरमालक या वर्गाबद्दल माझी मतं काय असतील ते वेगळं सांगायला नको. पण जुन्या इमारतींचे दगड कसे झिजतात यावर संशोधन करायला मी डेल्फ्टच्या विद्यापीठात आले आणि कळलं, की डेल्फ्टमध्ये विटा भरपूर आहेत, खोली एकही नाही. शेवटी हार्लेममध्ये गोगट्यांच्या माळ्यावर जागा मिळाली. तिथून मी रोज ट्रेनने जाऊन-येऊन करते.

पहिल्याच दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "काका, घर ही गरज आहे, धंदा नव्हे."

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "पोहे घेणार का?"

माझ्या नावाचा त्यांना फार आनंद. "क्रांती अजून आली नाही," ते फोनवर कुणाला तरी सांगत असतात. "लायडनला अडकली असेल. सिग्नल बिघडलाय." थंडीवाऱ्यात मी उशिरा पोचले की दार उघडून आन्स आजींच्या खिडकीकडे तोंड करून ओरडतात, "आली! क्रांती आली!" मराठीचा गंध नसलेल्या आजी आतून हात हलवतात.

आमच्यात भांडणाचा विषय एकच. मी 'येते' म्हणत नाही. लहानपणापासून नाही. शब्दाने संकट टळत असतं तर दवाखाने कशाला बांधायचे, असं आमच्या घरचं मत. माणूस निघाला म्हणजे तो जातो. पहिल्या सकाळी मी जिन्यावरून हाक मारली, "काका, जाते!" तर स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. मी सायकलवर बसतेय तोवर गोगटे हातात उलथनं घेऊन रस्त्यावर. त्यांनी माझ्या सायकलचं कॅरियर धरलं.

"येते म्हण."

"काका, माझी ट्रेन आहे."

"येते म्हण आणि सूट."

"ही अंधश्रद्धा आहे."

"असू दे. पण 'क्रांती जाते' असं कुठल्या पत्रकात लिहिलंय, दाखव. तुझे बाबा जन्मभर सांगत आले, क्रांती येतेय, क्रांती येतेय. आणि तू?"

मी तत्त्व सोडलं नाही आणि ट्रेन सुटली. पुढे आमच्यात तह झाला. मी काहीच म्हणायचं नाही, नुसती सायकलची घंटी वाजवायची. घंटीचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या मताप्रमाणे लावायचा.

गोगट्यांचं दुसरं वेड म्हणजे लेच्चे. इटलीच्या नकाशात बुटाची टाच असते ना, तिच्यावरचं हे जुनं गाव. "नावावर जाऊ नकोस. लेच्चे आहे, लेचंपेचं नाही," हा विनोद ते प्रत्येक मराठी माणसाला एकदा आणि मला आठवड्यातून एकदा ऐकवतात. तिथे एका गल्लीत त्यांचं नेहमी उतरायचं एक साधंसं हॉटेल आहे. लिफ्टमध्ये माणूस किंवा बॅग यांपैकी एकच मावतं. गादीला मधोमध खळगा. नाश्त्याला प्लॅस्टिकात गुंडाळलेले टोस्ट आणि जर्दाळूचा जॅम. हे सगळं ते अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, हत्ती झुलत होते दारात.

हार्लेमला बाहेर पाऊस आडवा पडत असायचा, छपरावर समुद्रपक्षी भांडत असायचे, आणि गोगटे पोहे परतत बोलत असायचे. "दुपारी अख्खं गाव झोपतं बघ. घरं मधाच्या रंगाची. उन्हात बघत राहिलं की वाटतं, आता ही भिंत वितळून वाहायला लागणार. मग आपण खोलीत यायचं, खिडकीच्या हिरव्या झडपा ओढून घ्यायच्या. फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडतात लादीवर. त्या हळूहळू सरकतात, पलंगाशी येतात, पायांवर चढतात. खाली चौकात हॉटेलवाल्या पिनाबाई भांडी विसळतायत, तेवढाच आवाज. आपण जागे आहोत का झोपलोय, काही कळत नाही. आणि कळून करायचंय काय?"

पोहे करपायचे. आम्ही ते तसेच खायचो आणि दोघंही नकळत जमिनीवर उन्हाची पट्टी शोधायचो.

तशा हिरव्या झडपा त्यांनी हार्लेमच्या खिडकीलाही बसवल्या होत्या. जुन्या वस्तीत घराचा दर्शनी भाग बदलायला परवानगी नाही, म्हणून त्या आतल्या बाजूने. वर्षातून मोजके कडक उन्हाचे दिवस येतात, तेव्हा सगळं हार्लेम उघड्याने रस्त्यावर खुर्च्या टाकून बसतं आणि गोगटे आत अंधार करून पडून राहतात. आन्स आजींनी एकदा काळजीने विचारलं होतं, की त्यांना डोळ्यांचा काही त्रास आहे का.

लेच्चेच्या वेडाला आणखी एक कारण आडनावाचं. डच लोक 'ग'चा 'ख' करतात आणि तो घशाच्या तळातून काढतात. त्यामुळे इथे बँकेत, दवाखान्यात, ऑफिसात सगळीकडे ते 'मेनेर खोखाते'. इतकी वर्षं झाली, तरी आपल्या नावाने हाक मारतायत का कुणाला खोकला झालाय, हे त्यांना मागे वळूनच पाहावं लागतं. लेच्चेत मात्र ते 'सिन्योर गोगाते.' "अख्ख्या युरोपात माझं आडनाव धड उच्चारणारं एकच हॉटेल आहे," ते म्हणतात. "तिथं नाही जायचं तर जायचं कुठं?"

पहिल्या खेपेला त्या हॉटेलातून निघताना त्यांनी मालकीणबाईंना, म्हणजे पिनाबाईंना, नेमाप्रमाणे इटालियनमध्ये सांगितलं, "वेंगो." येतो. पिनाबाईंनी शब्द खरा धरला. त्यांनी सात नंबरची खोली कुणाला दिली नाही, संध्याकाळी चौकातल्या टेबलावर दोघांची पानं मांडली आणि वाट पाहत बसल्या. गोगटे तेव्हा विमानात होते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा गेले तेव्हा त्यांना हे कळलं, आणि तेव्हापासून एकही जून चुकलेला नाही. शब्द म्हणजे शब्द.

पानं दोघांची मांडली, कारण त्या पहिल्या खेपेला शैलाकाकू बरोबर होत्या.

शैलाकाकू म्हणजे गोगट्यांची बायको. त्यांना मी फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. मिरजेत त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. लग्नानंतर त्या नवऱ्याबरोबर इथे आल्या, तेव्हा व्हिसाच्या भाषेत त्या 'अवलंबित' होत्या. लोकांचे गुडघे, खांदे, कंबरा पुन्हा कामाला लावणारी बाई, आणि ती अवलंबित! त्या डच शिकल्या. पदवीची कागदपत्रं पाठवली. पुन्हा पाठवली. सगळ्या परीक्षा नव्याने द्या, असं उत्तर आलं. हात शिवशिवत होते आणि समोर दुखरा माणूस नव्हता. शेवटी लेच्चेहून आल्यावर महिन्याभरात त्या मिरजेला परत गेल्या आणि त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. माझ्या मते त्यांनी फार वाट पाहिली. मी असते तर आधीच गेले असते, आणि जाताना एक पत्रक काढलं असतं.

गोगटे यातलं काही सांगत नसत. मला ते काकूंकडूनच कळलं, मी एकदा मान धरली म्हणून फोनवर व्यायाम विचारला तेव्हा. गोगट्यांना कुणी विचारलं तर ते म्हणत, "शैला ना? मिरजेला आहे. येतेय." हे 'येतेय' माझ्या आधीपासून चालू होतं.

यंदाच्या जूनमध्ये जुन्या दगडांवरची एक परिषद नेमकी लेच्चेत निघाली आणि मला तिथे जायचं ठरलं. गोगटे खुर्चीतून उठलेच.

"तू आमच्याच हॉटेलात राहायचंस. मीही तेव्हाच येतो. आणि यंदा शैला येतेय."

"खरंच?"

"मी विचारलं तिला. ती म्हणाली, बघते."

मराठी बाईचं 'बघते' म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागू नये. माझी आई वर्गणी मागायला आलेल्या प्रत्येक गणेश मंडळाला 'बघते' म्हणायची. पण गोगट्यांनी कपाटातून काकूंची उन्हाची टोपी काढली होती, रुंद काठाची, गवती. ती चेपू नये म्हणून ते तिच्या पोटात मोजे भरत होते. ते पाहिल्यावर मी मोज्यांची आणखी एक जोडी त्यांच्या हातात दिली.

लेच्चे त्यांनी सांगितलं होतं तसंच निघालं, याचा मला थोडा रागच आला. भिंती खरोखर मधाच्या होत्या. तिथला दगड खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो, की सुरीने कोरता येतो, आणि मग वारा खाऊन घट्ट होतो. म्हणून दारं, सज्जे, चर्चची तोंडं, सगळीकडे पानं, फुलं, गुबगुबीत देवदूत दाटीवाटीने बसलेले. लिफ्टमध्ये आधी बॅग गेली, मग मी. पिनाबाई बुटक्या, ॲप्रनला हात पुसत आल्या. "सिन्योर गोगाते!" त्यांनी गोगट्यांचे दोन्ही गाल ओढले, माझ्याकडे पाहून हसल्या, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे, लिफ्टच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

रोज सकाळी मी परिषदेला जाई आणि गोगटे टोपी घेऊन स्टेशनवर जात. काकू कुठल्या गाडीने येणार हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते सगळ्याच गाड्यांना जात. दुपारी परत येत. चौकातल्या टेबलावर पिनाबाई दोघांची पानं मांडत आणि काही न बोलता एक उचलून नेत.

शेवटच्या दिवशी परिषद दुपारी संपली. मी पायी परत निघाले. गाव झोपलं होतं. दुकानांची दारं बंद, कुत्री सावलीत, माझ्याच चपलांचा आवाज मला परका वाटत होता. एका कोपऱ्यावर कुणाच्या तरी खिडकीतून कॉफीचा वास आला आणि क्षणभर आपण कुठल्या गावात आहोत तेच आठवेना. हॉटेलच्या चौकात लिंबाच्या झाडाखाली गोगटे बसले होते, टोपी गुडघ्यावर. पिनाबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. छतावरच्या जाळीतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या आणि त्यातली एक गोगट्यांच्या बुटावर चढली होती. मी खुर्ची ओढली, पण आवाज होऊ दिला नाही. आम्ही तिघं किती वेळ तशी बसलो कुणास ठाऊक.

मग फोन वाजला. पडद्यावर शैलाकाकू. मागे भिंतीवर हाडांचं चित्र.

"अरे विनायक, अजून तिथंच तू?"

"म्हणजे काय! तू कधी पोचतेस? मी स्टेशनवर येतो ना."

"मी मिरजेत आहे. पेशंट बसलेत बाहेर."

"पण तू बघते म्हणाली होतीस."

"बघितलं," काकू म्हणाल्या. "नाही यायचं मला."

गोगटे टोपीच्या काठावरून बोट फिरवत राहिले. काकूंचा आवाज खाली आला. "मी तिथंच सांगितलं होतं तुला. निघताना पिनाबाईंना मी काय म्हणाले, आठवतं? वादो."

वादो म्हणजे जाते.

"तू हसलास. त्यांना म्हणालास, हिचं चुकलं, हिला वेंगो म्हणायचंय. माझं चुकलं नव्हतं, विनायक. तिथून पुढे मी जायलाच लागले होते."

एवढ्या मराठीत पिनाबाईंना दोनच शब्द कळले. वादो आणि वेंगो. त्यांनी शेंगा सोलायचं थांबवलं आणि गोगट्यांकडे पाहत सावकाश मान हलवली. त्यांनाही तेव्हा ते चुकल्यासारखं वाटलं नव्हतं, तरी पानं त्यांनी गोगट्यांच्या शब्दावर दोघांची मांडली होती.

"बरं," गोगटे म्हणाले. "मग... पुढच्या वर्षी ये."

"ठेवते हं."

माझ्या घरात अन्यायाविरुद्ध बोलताना आवाज खाली ठेवायची पद्धत नाही. "काका!" मी ओरडले. झोपलेल्या गल्लीत कुणीतरी झडप उघडली. "तुम्ही दाताच्या डॉक्टरला येतो म्हणता. तिकीटवाल्याला म्हणता. मेलेल्या माणसाला म्हणालात! मिरजेला कधी म्हणालात का? सारखं त्यांनीच काय म्हणून यायचं?"

फोन अजून चालू होता.

"कोण रे ती?" काकू म्हणाल्या.

"क्रांती," गोगटे पुटपुटले.

"आली का शेवटी? बरं झालं."

उन्हाची पट्टी गोगट्यांच्या पोटरीवर आली होती. एक लिंबू फांदीवर उगाचच हललं. ते तोंड उघडत, मिटत. पुन्हा कापसाचा बोळा असावा तसे. जो शब्द त्यांनी युरोपभर सुट्ट्या नाण्यांसारखा वाटला, तो आता निघत नव्हता.

"शैला."

"हं."

"येतो."

पलीकडे काकूंच्या मागे कुणी म्हातारा खोकला, खुर्ची सरकली. काकू डच लोकांत नुसत्या राहिल्या नव्हत्या, त्यांच्याकडून शिकूनही गेल्या होत्या. त्यांनी सरळ डचमध्ये विचारलं, "वानेर?"

गोगट्यांनी खिसे चाचपले. डायरी कुठली असायला?

"मंगळवार सोडून कधीही," ते म्हणाले. "मंगळवारी आन्स आजींना शब्द दिलाय."

काकू हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग हसू आवरून त्या म्हणाल्या, "आजींना समजावून सांग. चार दिवसांचं येणं नकोय मला. राहायला येणार असशील तर ये. जिना चढून डावीकडची खोली रिकामी आहे. दुपारी ऊन येतं तिथं."

"पट्ट्या पडतात?" गोगट्यांनी विचारलं.

"झडपा लावून घे," काकू म्हणाल्या. "ठेवते. पेशंट आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गोगट्यांनी टोपीतले मोजे काढले आणि ती स्वतःच्याच डोक्यावर चढवली. बॅगेत आता ती मावत नव्हती, असं त्यांचं म्हणणं. पिनाबाईंनी हात पुढे केला. गोगट्यांनी सात नंबरची किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली. पिनाबाई वाट पाहत उभ्या राहिल्या, दरवर्षीच्या त्या शब्दाची. मीही थांबले.

शब्द द्यायचा तर पाळता आला पाहिजे, आणि पुढच्या जूनमध्ये आपण कुठे असू हे गोगट्यांना आता कळलं होतं. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली.

"वादो," ते म्हणाले.

पिनाबाईंनी किल्ली खिळ्याला अडकवली, तिचं हलणं थांबेपर्यंत तिच्यावर बोट ठेवलं, आणि मग वळून त्यांचे दोन्ही गाल ओढले.

"फिनाल्मेंते," त्या म्हणाल्या. म्हणजे, एकदाचं.